घटस्फोटाच्या केसचा खर्च समोरच्याकडून कसा मागायचा, पहिल्या तारखेपासून वसुलीपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीची केस पुण्याच्या फॅमिली कोर्टात साडेचार वर्षं चालली. ती माहेरी सांगलीला, नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावर केस टाकली पुण्यात, त्यामुळे दर तारखेला पहाटेची एसटी, सोबत मी किंवा बाबा, डबा घरून, आणि दुपारी कळायचं की समोरचे वकील आले नाहीत, पुढची तारीख. शेवटी त्याचा अर्ज फेटाळला, बहिणीचा प्रतिदावा, म्हणजे त्याच केसमध्ये तिने उलट केलेली मागणी, मंजूर झाला, तिला घटस्फोट मिळाला. आम्ही जिंकलो होतो. निकालाच्या शेवटच्या पानावर मात्र एक ओळ होती, 'खर्चाबाबत आदेश नाही'. म्हणजे साडेचार वर्षांत गेलेले पैसे ज्याचे त्याचे.

आमच्या लेखी जबाबात खर्चाची मागणी होती, पण ती छापील ओळ होती, तिच्या मागे एकही पावती नव्हती आणि युक्तिवादात त्यावर कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. कोर्टाने द्यायचा तरी कशावरून. नंतर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची केस सुरू झाली तेव्हा मी पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर बसून हे सगळं नीट केलं, तिच्या वकीलताईंना प्रश्न विचारून विचारून समजून घेतलं, आणि तेच इथे लिहितेय. मी वकील नाही, तुमच्या केसमध्ये काय बसेल ते तुमच्या वकिलांना विचाराच, पण विचारायला काय काय आहे हे तरी आधी माहिती पाहिजे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडे खर्च हा निकालाच्या दिवशी एकदम मिळत नाही, मिळाला तरी खऱ्या खर्चाच्या मानाने फार थोडा असतो. खरा पैसा मिळतो तो केस चालू असताना, आणि तो वेगवेगळ्या दारांनी मागावा लागतो. पहिलं दार म्हणजे केस लढण्यासाठी मिळणारा खर्च, हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. दुसरं, समोरच्याने तारखा वाढवल्या की त्या त्या तारखेचा खर्च, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ ब आणि ऑर्डर १७ (ऑर्डर म्हणजे त्याच संहितेतला नियमांचा एक गट). तिसरं, निकालाबरोबर मिळणारा दाव्याचा खर्च, कलम ३५. फॅमिली कोर्टालाही दिवाणी संहिता लागू आहे, फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १० नुसार, त्यामुळे 'फॅमिली कोर्टात असलं काही नसतं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पायरी १ : वही घाला, आजच

केस दाखल व्हायच्या आधीच एक वही घ्या. प्रत्येक पानावर तारीख, कशासाठी गेलो, काय खर्च झाला, पावती आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी कोर्टात काय झालं आणि तारीख कुणामुळे पुढे गेली. एसटीचं तिकीट, रेल्वेचं तिकीट, झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, नकलेची फी, साक्षीदाराला आणण्याचा खर्च, बिनपगारी रजा पडली असेल तर ऑफिसचं पत्र. एसटीची तिकिटं तीन महिन्यांत पुसट होतात, आम्ही ती डब्यात साठवली होती आणि वर्षाने बघितलं तर कोरे कागद, म्हणून तिकीट मिळालं की लगेच मोबाईलवर फोटो काढा आणि तारखेच्या नावाने सेव्ह करा.

वकिलांना फी शक्यतो बँकेतून द्या आणि सहीची पावती मागा. पावती मागितली की अपमान होतो असं वाटून आपण गप्प बसतो, पण ती तुमच्या हक्काची आहे आणि पुढे तीच कामाला येते. आणि वकील जर म्हणाले की फी नको, मिळणाऱ्या पोटगीतले अमुक टक्के द्या, तर नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. फी बाकी आहे म्हणून तुमची फाईल अडवून ठेवायचाही हक्क वकिलांना नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, त्यामुळे वकील बदलायची वेळ आली तर कागद मागून घ्या.

कोर्टात काय झालं ते नुसतं तुमच्या वहीवर चालत नाही, रोजनामा लागतो, म्हणजे त्या त्या तारखेला काय झालं याची कोर्टाने केलेली नोंद. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या ॲपवर तुमच्या केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकला की आतापर्यंतच्या सगळ्या तारखा आणि त्या कशासाठी होत्या ते दिसतं. दर महिन्याला ते बघून वहीशी जुळवा, आणि महत्त्वाच्या तारखांच्या रोजनाम्याची नक्कल काढून ठेवा.

पायरी २ : खर्च कमी करता येतो का ते आधी बघा

महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने बाईने स्वतः दाखल केलेल्या पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात अर्ज द्यायचा किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं. पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, पण अनुसूचित जाती जमाती, अपंग व्यक्ती अशा गटात असाल तर तुम्हालाही मिळतो.

पायरी ३ : कलम २४ चा अर्ज, इथे जीव लावून काम करा

या एका अर्जावर सगळ्यात जास्त वेळ घाला. कलम २४ म्हणजे लोक नुसती अंतरिम पोटगी समजतात, पण त्यात दोन गोष्टी आहेत, दरमहा पोटगी आणि केसचा खर्च. दोन्ही वेगवेगळ्या मागा, वेगवेगळ्या आकड्यांनी. 'पोटगी व खर्च मिळावा' असं एकत्र लिहिलं की पोटगीचा आकडा ठरतो आणि खर्चाला काहीतरी किरकोळ लावून टाकतात.

हिंदू विवाह कायद्यात हा अर्ज नवरा बायको कुणीही करू शकतं. ज्याच्याकडे जगायला आणि केस लढायला पुरेसं स्वतंत्र उत्पन्न नाही त्याने. पुरेसं नाही, असा शब्द आहे, म्हणजे थोडाफार पगार असला म्हणून दार बंद होत नाही. पारशी विवाह कायद्यातही दोघांना मागता येतं. विशेष विवाह कायद्याने म्हणजे रजिस्टर लग्न असेल तर कलम ३६, आणि ख्रिश्चन लग्नाला लागणाऱ्या घटस्फोट कायद्यातही कलम ३६, पण या दोन्हींत फक्त बायकोला मागता येतं. मुस्लिम बहिणींसाठी १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात असं कलम नाही, तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, त्यात पोटगीबरोबर त्या अर्जाचा खर्चही मागता येतो. ते कलम सगळ्या धर्मांना आहे.

अर्जात काय लिहायचं? मैत्रिणीच्या अर्जात आम्ही असा तक्ता केला होता : वकिलांची ठरलेली फी आणि आतापर्यंत दिलेली, एका तारखेला येण्याजाण्याचा दोन माणसांचा खर्च, मुक्काम करावा लागला तर तो, टायपिंग झेरॉक्स नोटरी, साक्षीदार किती आणि कुठून येणार. मग दोन मागण्या, एक ठोक रक्कम आणि दुसरी प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च. ही दुसरी मागणी बाहेरगावाहून येणाऱ्यांनी अजिबात विसरू नका, कारण ठोक रक्कम वर्षभरात संपते आणि तारखा संपत नाहीत.

अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं. सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या निकालात त्याचा नमुनाच दिला आहे आणि ते दोघांनीही भरायचं असतं. तुमचं खरं भरा, एफडी लपवली, शिकवणीचे पैसे लपवले आणि बँक स्टेटमेंटमधून निघाले की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा विश्वास उडतो. समोरच्याचं प्रतिज्ञापत्र आलं की एकेक रकाना वाचा, पगार लिहिलाय पण पगारपत्रक जोडलं नाही, गाडीचा हप्ता दाखवलाय पण गाडी दाखवली नाही, असलं काही दिसलं की लगेच कागद हजर करायला लावायचा अर्ज द्या. आणि आधी दुसऱ्या कुठल्या कोर्टात काही रक्कम मंजूर झाली असेल तर तुमच्या अर्जात ती सांगा, एकच खर्च दोन ठिकाणी मागू नका.

समोरच्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा असं कलमातच लिहिलंय. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून दर तारखेला 'आधी हा अर्ज ऐकावा' असं तोंडी आणि पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, देऊनही सांगत राहा. मुख्य म्हणजे हा अर्ज केस चालू असतानाच करायचा, निकाल लागल्यावर मागायला जाल तर उशीर झालेला असतो.

मंजूर झाला आणि पैसे देत नसेल तर? वसुलीची दरखास्त, म्हणजे कोर्टाचा आदेश अंमलात आणायचा अर्ज, करता येते. केस त्यानेच टाकली असेल तर पैसे भरेपर्यंत त्याचीच केस थांबवावी असा अर्ज करता येतो. आणि मुद्दाम टाळाटाळ दिसली तर त्याचा बचाव काढून टाकायची, म्हणजे त्याची बाजू विचारातच घेऊ नये अशी, मागणी करता येते, रजनेश निकालात तेही म्हटलंय, पण तो अगदी शेवटचा उपाय.

पायरी ४ : तारखेचा खर्च त्याच तारखेला मागा

समोरचा तारीख घेतो तेव्हा आपले वकील बऱ्याचदा फक्त 'हरकत आहे' म्हणून थांबतात. तिथेच म्हणायचं की आम्ही आज सांगलीहून आलोय, साक्षीदार रजा टाकून आलाय, आजचा खर्च मिळावा, आणि आकडा सांगायचा. आकडा सांगितला नाही तर शंभर दोनशे रुपये लावले जातात. कलम ३५ ब हे याचसाठी आहे, समोरच्याने करायची गोष्ट केली नाही किंवा तारीख मागून घेतली तर त्या दिवशी हजर राहायचा तुमचा खर्च तो देईल. ऑर्डर १७ मध्ये सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत असं आहे आणि तारीख दिली तर खर्चाचा आदेश करायचा आहे. उशिरा आलेला लेखी जबाब घेताना, एकतर्फी झालेला हुकूम उठवताना, बंद झालेला उलटतपास पुन्हा उघडताना, या प्रत्येक ठिकाणी समोरचा कोर्टाकडे सवलत मागत असतो, म्हणजे तुम्हाला खर्च मागायची जागा असते.

३५ ब ची खरी ताकद पुढच्या तारखेला कळते. लावलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही तर त्या पक्षाला पुढे केस किंवा बचाव चालवता येत नाही, भरणं ही अटच आहे. पण हे कुणी आठवण करून दिली तरच होतं. म्हणून त्या तारखेला सकाळीच वकिलांना मेसेज करा, 'मागच्या तारखेचा खर्च बाकी आहे, आधी तो घ्यायचा', आणि न भरल्याचं रोजनाम्यात लिहून घ्या. बहिणीच्या केसमध्ये असे तीन आदेश होते, तिन्ही बाकी होते, आणि आम्ही विसरून गेलो म्हणून केस तशीच पुढे सरकत राहिली. आजही त्याचं वाईट वाटतं, कारण तेव्हा नुसतं उभं राहून बोललो असतो तरी वर्ष वाचलं असतं.

एक सावधगिरी. ज्या आदेशात समोरच्याला सवलत देऊन खर्च लावलाय, त्या आदेशालाच तुम्हाला वर आव्हान द्यायचं असेल तर पैसे हातात घेण्याआधी वकिलांना विचारा. खर्च स्वीकारला म्हणजे आदेश मान्य केला असं नंतर म्हटलं जाऊ शकतं, घ्यावाच लागला तर हरकत राखून घेतोय असं लेखी द्या.

पायरी ५ : निकालाआधी खर्चाचा तक्ता दाखल करा

अर्जात किंवा लेखी जबाबात 'दाव्याचा खर्च मिळावा' ही मागणी आहे का ते आधी बघा, नसेल तर दुरुस्ती अर्ज द्या. मग युक्तिवादाच्या आधी वहीवरून तक्ता तयार करा, पावत्या जोडा आणि तो रेकॉर्डवर घ्या. ऑर्डर २०-अ मध्ये कुठल्या गोष्टी धरता येतात ते दिलंय : केसआधी पाठवलेली नोटीस, टायपिंग आणि छपाई, रेकॉर्ड बघायची फी, साक्षीदार आणायचा खर्च, समन्स न काढता आणला असला तरी. शिवाय कोर्ट फी आणि वकील फी.

वकील फीच्या बाबतीत मात्र मनाची तयारी ठेवा. तुम्ही दिलेली सगळी फी मिळत नाही, हायकोर्टाच्या नियमांत बसेल तेवढीच धरली जाते आणि ती खऱ्या फीच्या जवळपासही नसते. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या केसमध्ये म्हटलंय की खर्च हा खरा आणि वाजवी असावा, त्यात पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, राहणं, वकील फी हे सगळं यावं. ते युक्तिवादात जरूर सांगा, पण हातात येणारा आकडा नियमांच्या आत राहतो. खोट्या आरोपांसाठी कलम ३५ अ आहे, त्याची कमाल मर्यादा मात्र ३००० रुपये, त्यामुळे 'खोटी केस केली, लाखभर दंड लावू' असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

युक्तिवादात काय म्हणायचं? कायद्याचा साधा नियम आहे, जो हरतो तो खर्च देतो, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर कलम ३५ च्या पोटकलम २ नुसार कारणं लिहावी लागतात. नवरा बायकोच्या भांडणात कोर्ट 'ज्याचा त्याने सोसावा' म्हणतं कारण दोघांचंही काहीतरी चुकलेलं असतं अशी समजूत असते. म्हणून तुम्हाला वागणूक दाखवायची आहे. एका पानावर यादी द्या : एकूण तारखा किती, त्यातल्या कुणामुळे किती गेल्या, कुठला आरोप केला आणि उलटतपासात तो कसा पडला, कुठले कागद लपवले. आमच्या मैत्रिणीच्या केसमध्ये हे एक पानच कामाला आलं, खर्चासह मंजूर असा निकाल लागला. चिडून लिहू नका, फक्त तारीख आणि निशाणी नंबर (कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक) लिहा.

कायमच्या पोटगीचा मुद्दा असेल तर तिथेही हे सांगा. कमावत नसलेल्या बायकोचा केसचा वाजवी खर्च हा रक्कम ठरवताना बघायच्या गोष्टींपैकी एक आहे, असं रजनेश निकालात स्पष्ट आहे. निकालाबरोबरच्या खर्चापेक्षा या मार्गाने बरंच जास्त पदरात पडू शकतं.

आणि मध्येच समझोता होऊन केस परस्पर संमतीवर गेली तर खर्चाचा विषय संमतीच्या अटींतच लिहून घ्या, आधीच्या आदेशांची बाकी किती, ती कधी देणार. नाही लिहिलं तर नंतर ती बाकी सोडून दिली असंच धरतील.

पायरी ६ : निकाल हातात आला की काय बघायचं

निकालपत्र आणि हुकूमनामा हे वेगळे कागद आहेत, दोन्हींच्या नकला काढा. हुकूमनाम्यात खर्च किती, कुणी कुणाला द्यायचा ते लिहिलेलं असतं. निकालात 'खर्चासह' आहे आणि तक्त्यात बेरीज चुकली किंवा एखादी रक्कम धरायची राहिली तर दिवाणी संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्ती अर्ज करा, ते सोपं आहे. पण निकालातच खर्च नाकारला असेल तर फक्त खर्चासाठी अपील चालत नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये तसं साफ लिहिलंय, विशेष विवाह कायद्यातही तेच. म्हणूनच मी पायरी ५ वर एवढा जोर देतेय, ती संधी एकदाच असते. निकालात उघड चूक असेल तर पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्याच कोर्टाने निकाल पुन्हा तपासावा असा, अर्ज ३० दिवसांत करता येतो. मुख्य निकालावर अपिलाची मुदत मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ९० दिवस धरली आहे, तरी शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, नकला मिळायला वेळ लागतो.

पायरी ७ : वसुली

आधी साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, रक्कम आणि बँक खातं लिहून. नाही दिले तर दरखास्त. त्याला मुदत १२ वर्षांची आहे, पण माणूस नोकरी बदलतो, गाव बदलतो, म्हणून लवकर करा. दरखास्तीत त्याचं ऑफिस, बँक, गाडी, जागा जी माहिती असेल ती लिहा, कलम २४ च्या वेळचं त्याचं प्रतिज्ञापत्र इथे परत उपयोगी पडतं.

पगार जप्तीचा हिशोब समजून घ्या. दाव्याच्या खर्चासाठी पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे पगार ४०,००० धरला तर १००० अधिक २६,००० सुरक्षित, आणि महिन्याला १३,००० पर्यंत जप्त होऊ शकतात. पोटगीच्या थकबाकीसाठी याहून जास्त जप्त होतो, तिथे पगाराचा एक तृतीयांशच सुरक्षित राहतो. म्हणून दरखास्तीत पोटगीची बाकी आणि खर्चाची बाकी वेगळी दाखवा.

तुम्ही देणारे असाल तर रोख हातात देऊ नका. कोर्टात भरा किंवा बँकेतून द्या, आणि बाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवून घ्या, त्यासाठी तुम्हाला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, नोंद नसलेला पैसा दरखास्तीत धरला जात नाही. आणि घेणारे असाल तर शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याचं दिसल्यावरच 'पूर्ण वसूल' ची पुरसिस सही करा, नुसत्या चेकवर नाही.